पाणबुड्याचं घड्याळ उजळलं

बोईसर

ती. खंडेरावदादांस,

शिवाजीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं (सुगंधा तुमच्याशी फोनवर बोलते ते मला लेथच्या आवाजातही ऐकू येतं). बरं वाटलं.

माझी तब्येत ठणठणीत, मन जरा खाली. माझं ते पाणबुड्यांचं जुनं घड्याळ तुम्हाला आठवत असेल (मला पोहता येत नाही, नवापूरच्या समुद्रात मी घोट्यापलीकडे जात नाही आणि आंघोळीलाही ते काढून ठेवतो, यावर तुम्ही पोटभर हसला होता). त्याची काळी तबकडी उन्हाने तपकिरी झालेली, आकड्यांच्या जागचे ठिपके सायीसारखे पिवळे. आम्हा घड्याळवेड्यांचा जीव त्या पिवळेपणातच असतो. तो काही विकत आणून लावता येत नाही. हे मी तुमच्या बहिणीला सोडून सगळ्यांना समजावलं होतं. तिने आमच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी ते गुपचूप बन्सी घड्याळवाल्याकडे नेलं आणि नवी तबकडी बसवून, पॉलिश मारून आणलं. आता ते स्टीलच्या पेल्यासारखं चमकतं.

"किती कळकट झालं होतं हो," ती म्हणाली. "लोक म्हणतील, कारखाना काढला आणि घड्याळ भंगारातलं." (भंगारातलंच होतं, तेच तर.) तिचा चेहरा इतका फुललेला, की मी म्हटलं, वा, ओळखूच येत नाही. यात खोटं काही नव्हतं.

मग बन्सीला गाठलं. तो म्हणाला, "शेठ, मी वैनीला बोललो, हाय तसं राहू द्या. त्या बोलल्या, तुमी घड्याळ बघा, नवरा मी बघते."

तेव्हापासून ते मनगटावर बांधून हिंडतो आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
शिवाजी

ता. क. त्याच घड्याळाची जुनी जाहिरात मी कुंभवलीच्या रद्दीवाल्याकडून मिळवली होती. भाला घेतलेला पाणबुड्या, मनगट पुढे केलेलं, खाली 'तळ गाठा, वेळ गाठा'. कागद पिवळा, कोपऱ्यावर कुणाच्या तरी चहाचा डाग. काल सुगंधा फ्रेमवाल्याला हळूच विचारत होती, डाग काढून, कागद पांढरा करून लॅमिनेशन होईल का. रविवारी तो येतो आहे. तुम्ही शनिवारी या, आल्याआल्या "ही मला आवडली" म्हणा आणि घेऊन जा. भावाला ती नाही म्हणत नाही. खरं तर पत्र एवढ्यासाठीच.

ता. क. २ बन्सी आत्ताच जुनी तबकडी देऊन गेला. पुन्हा बसवतो म्हणाला. मी नको म्हटलं. भिंतीवर घड्याळ असताना सुगंधा हल्ली वेळ बघायला माझं मनगट ओढते. तुम्ही मात्र शनिवारी याच.