सहभागी क्रमांक चौदा

११ मार्च, मंगळवार. सकाळी १०.४०

सभागृहातल्या घड्याळात वेळ पाहून ठेवली होती. बरोबर या मिनिटाला आमच्या संशोधन संस्थेच्या संचालकांनी अहवालाची पहिली प्रत तुरुंगाच्या अधीक्षकांच्या हातात दिली. वर हसले. कैदी बायकांनी तुरुंगाविरुद्ध जे सांगितलं, ते छापून पहिल्यांदा वाचायला दिलं कोणाला — तर तुरुंगवाल्यालाच! अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

एकवीस मुलाखती. रेकॉर्डिंग ऐकून सगळ्या मी टाइप केल्या, सात महिने. भाषणात माझा उल्लेख "आमच्या टायपिस्टबाई". चौतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते मी. असो.

चौदा नंबरची बाई एकटीच मोकळेपणी बोलली होती. आजारी बायकांना औषध न देता कोठीच्या खोलीत कोंडतात, हे तिनेच सांगितलं. आधी तीनदा विचारलं, "माझं नाव कुठे येणार नाही ना?" संशोधक मुलगी म्हणाली होती, "शब्द देते, ताई."

१२ मार्च

संचालकांना फोन. "बाई, नावं बदललीत. एथिक्स समितीची मंजुरी आहे. अधीक्षकांनी आत जाऊ दिलं, त्यांचा मान नको राखायला?"

मान म्हणे. शी.

१३ मार्च

गुडघा दुखतोय. कुठे गेले नाही. कोणाशी बोललेही नाही, ते बरंच झालं.

१५ मार्च, शनिवार

संध्याकाळी संशोधक मुलगी आली. बस म्हटलं तरी बसेना.

चौदा नंबरच्या बाईची आई दर शनिवारी दोन बस बदलून लेकीला भेटायला येते. वय सत्त्याहत्तर. आज तिला फाटकावरूनच परत पाठवलं. तीन महिने भेट बंद, कारण "बेशिस्त". ही संशोधक मुलगी तेव्हा तिथेच होती. म्हातारी सारखं विचारत होती, "पण तिने केलं काय?" कोणी सांगेना. शेवटी पहारेकरीण मुलीच्या कानाशी म्हणाली, "तुमच्या पुस्तकात बोललीय ना ती."

"नाव नव्हतं हो, काकू. मी स्वतः बदललं."

"मग कळलं कसं?"

तिला ठाऊक नाही. रडायला लागली. रुमालही माझाच दिला.

१७ मार्च, सोमवार

संस्थेत जाऊन आले. संचालकांच्या खोलीत कैदी बायकांचे मोठे फोटो, काचेच्या चौकटीत. चेहरे पुसट केलेले, हात तेवढे स्पष्ट. सोफ्याच्या रंगाला शोभतात.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"निष्कर्ष नकोय. म्हातारीला भेट हवीय."

"पुढच्या अभ्यासाची परवानगी यायचीय. आत्ता तक्रार केली तर दार बंद होईल."

"ते झालंय की. तिचं."

यावर चहा मागवला. आणि एक कागद पुढे सरकवला — अधीक्षकांना आभाराचं पत्र, इंग्रजीत. "तुम्ही कॉन्व्हेंटच्या ना? जरा नजर घाला."

घातली. नऊ चुका लाल पेनने काढल्या. खाली लिहिलं, दहावी चूक : हे पत्र पाठवणं. चहा तसाच ठेवून उठले. माणसं अभ्यास करता करता इतकी निर्ढावतात? की निर्ढावलेलीच या अभ्यासाकडे वळतात?

१८ मार्च

संचालकांना द्यायच्या पत्राचा मसुदा केला. साडेतीन पानं. धाकटीला वाचायला दिला.

"ताई, हे पत्र आहे की आरोपपत्र?"

"अक्षर लागतंय ना? मग झालं."

"शिव्या छान जमल्यात गं. पण त्यांचं नेमकं चुकलं कुठे, ते कुठाय?"

लहान असून बोलते मोठं. पण बरोबर आहे. उद्या अहवाल उघडून पान आणि ओळ घालते.

१९ मार्च, बुधवार

पान बासष्ट. नाव बदललेलं. गुन्हा नाही, गाव नाही. आणि मध्येच :

"(मागे भोंग्यावर : दोनशे सतरा, शिलाईखोलीत या.) मलाच बोलावतायत. थांबा, एवढं सांगून जाते."

दोनशे सतरा हा तिचा कैदी क्रमांक.

कंस माझा आहे. कानावर पडलेलं काहीही गाळायचं नाही, कोर्टात याच गोष्टीचा तोरा मिरवला मी. मुलीने वाचलं, संचालकांनी वाचलं, समितीने वाचलं, कोणाला दिसलं नाही. मला तर टाइप करतानाही दिसलं नाही.

साडेतीन पानं फाडली. नवं पत्र एवढंच :

नंबर मी टाइप केला, तुम्ही छापलात. शिक्षा ती भोगते आहे. सगळ्या प्रती परत मागवा. अधीक्षकांना सांगून तिची भेट सुरू करा. नाही झालं, तर तिला दिलेला शब्द आणि तो मोडल्याचा माझा कबुलीजबाब, दोन्ही माझ्या सहीने न्यायाधीशांकडे जातील. शनिवारी तिची आई पुन्हा फाटकावर असेल. म्हणून उत्तर शुक्रवार, २१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. लेखी.