ओटीतले बदाम

३ एप्रिल, गुरुवार

ठरलं! आजपासून एक्केचाळीस दिवस गॅस बंद. म्हणजे माझ्या पोटापुरता. काकडी, गाजर, मोड आलेले मूग, फळं, सुकामेवा — सगळं कच्चं!

सासूबाईंनी ताटात डोकावून विचारलं, "का गं, गॅस संपलाय व्हय?"

हे म्हणाले, "धंदा कडक भाकरीचा आणि मालकीण चरणार कच्चं!" आणि स्वतःच हसत दुकानात गेले. वीस वर्षं चादरी विकतायत. गिऱ्हाईक हसो न हसो, हे हसतात.

कारण हसण्यासारखं नाही. साखर काठावर आली आहे. तीन महिन्यांची सरासरी ६.३. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दीड महिना खाण्याला आळा घाला, चाला, मग पुन्हा तपासू. नाही उतरली तर गोळी. आईचंही गोळीपासूनच सुरू झालं होतं. मग इंजेक्शन, मग डाव्या पायाचं बोट, मग नजर. शेवटी शेवटी मला आवाजावरून ओळखायची. मला भीती वाटते. फार वाटते. लिहून टाकलं, आता पुढे!

(कच्चं खा असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. ते मोबाईलमधल्या बाईंनी सांगितलं. त्यांची कातडी अशी चकाकते की काय सांगू!)

४ एप्रिल, शुक्रवार

मोबाईलमधल्या बाई म्हणतात — सकाळी मूठभर बदाम, चार अक्रोड, दुपारी काजूचं दूध. मंगळवार पेठेत गेले. अक्रोडाचा भाव ऐकून मी म्हटलं, "अहो, किलोचा नको, पावशेराचा सांगा." दुकानदार म्हणाला, "पावशेराचाच सांगितला की ताई."

शंभर ग्रॅम बदाम घेतले. रिक्षात पुडी पिशवीत टाकायचं धाडस झालं नाही. हातात धरून आणली.

६ एप्रिल, रविवार

भूक! भूक! भूक!

ऐंशी भाकरींची ऑर्डर होती. तव्यावरून भाकरी उतरवते आहे, शेजारी सासूबाई शेंगदाणे भाजतायत, लसूण-तिखट घालून उखळात कुटतायत — आणि मी गाजर चावतेय! सोलापुरात इतकी निग्रही बाई दुसरी नसेल.

८ एप्रिल, मंगळवार

बदाम संपले. मूठभर म्हणजे केवढी मूठ ते त्या बाईंनी सांगायला हवं होतं.

घरात शेंगदाण्याचं अख्खं पोतं आहे. पण बाई म्हणतात, शेंगदाणा हा सुकामेवा नव्हेच, ते कडधान्य! सासूबाई म्हणतात, "कच्च्या शेंगदाण्यानं पित्त हुतंय. भाजून खा की." भाजलेलं चालत नाही म्हटलं तर म्हणाल्या, "मग बकरी हाईस का तू?"

११ एप्रिल, शुक्रवार

युरेका म्हणतात ते हेच असणार! खाली वैजयंतीकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. जाणारच नव्हते, डोकं दुखतंय म्हणणार होते. गेले. पन्हं घेतलं नाही (गूळ). मग तिनं ओटी भरली. ओंजळभर हरभरे! भिजवलेले! कच्चे! मी ही प्रथा आयुष्यभर बघत आले आणि कधी लक्षात आलं नाही की हे माझंच पथ्य आहे!

आणि वर ते नेहमीचं पाकीट. हळकुंड, सुपारी, खारीक आणि — बदाम! कवचासकट, टणक, अख्खा! घरी येऊन दाराच्या बिजागरीत धरून फोडला. अर्धा पिचला, अर्धा खाल्ला. काय लागला म्हणून सांगू!

१६ एप्रिल, बुधवार

पाच दिवसांत तीन हळदीकुंकवं, एक डोहाळजेवण, एक साखरपुडा. बदाम पाच, हरभरे शेरभर. साखरपुड्यात मुलीचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.

हे म्हणाले, "बोलावतात तरी का, की तू पदर पसरून उभीच राहतेस दारात?" आणि समोर बसून जिलबी खाल्ली. मुद्दाम. दोन बशा.

१९ एप्रिल, शनिवार

हसून हसून पोट दुखतंय! कालच्या डोहाळजेवणातल्या ओटीत एक पाकीट निघालं — तोंडाला केशरी दोरा. केशरी दोरा मी बांधते! चादरींच्या गठ्ठ्याचा असतो, हे आणतात. म्हणजे हे पाकीट मागच्या श्रावणात मीच कुणाला तरी दिलं होतं आणि ते अख्खी पेठ फिरून, पाच-सहा लेकीबाळींच्या ओटीतून, माझ्याकडे परत आलं! आपल्याकडचे ओटीचे बदाम कुणी खातच नाही. ते नुसते फिरतात.

फोडून पाहिला. आत भुगा.

२३ एप्रिल, बुधवार

लग्नं थांबली आहेत. मुहूर्त पुढच्या आठवड्यात. तोवर काय?

सासूबाईंचा पितळी डबा. लिहू की नको? लिहिते, इथं कोण वाचतंय! त्यांना आलेली सगळी पाकिटं त्या डब्यात साठवतात, आलेल्या बाईची ओटी भरायला. उघडून पाहिलं तर गच्च भरलेला! दोनच पाकिटांचे दोरे सोडले. बदाम-खारीक घेतली, हळकुंड-सुपारी परत ठेवली. म्हणजे चोरी अर्धीच.

२६ एप्रिल, शनिवार

दोन, दोन, दोन. रोज दोनच पाकिटं म्हटलं होतं. आज सात झाली. सातातले तीन किडके निघाले, ते धरायचे का?

उत्साह मात्र विचारू नका! पहाटे उठून सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत जाऊन येते. येताना जवळजवळ पळत.

३० एप्रिल, बुधवार

बसव जयंती. घरात हुग्गी शिजली. गहू, गूळ, वेलदोडा... मी भांड्याजवळ जाऊन नुसता वास घेतला. तीनदा.

अक्कलकोटहून जगदेवी मावशी आल्या, सासूबाईंची धाकटी बहीण. दिवसभर राहिल्या. निघताना सासूबाई म्हणाल्या, "दाक्षायणी, डबा आण. ओटी भरू."

मेले!

स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. हळकुंड, सुपारी, हळकुंड, सुपारी. बदाम एक नाही. बाहेरून हाक — "अगं, बस चुकंल की तिची!" मग मी काय केलं? पोत्याशेजारी टोपलीत भुईमुगाच्या ओल्या शेंगा होत्या. त्यातल्या पाच उचलल्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि पाच शेंगा. ताट नेऊन ठेवलं आणि जमिनीकडे बघत उभी राहिले.

सासूबाईंनी ताट बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा ताट.

"बदाम कुटं गेलं?"

"खाल्ले," मी म्हटलं.

"समदं?"

"समदं."

आणि मावशी हसायला लागल्या! अशा हसल्या की ओटीतले तांदूळ सांडले. म्हणाल्या, "अक्का, माझ्या घरात असलं बदाम ढिगानं हायत. दात पडलं, पर बदाम काय फुटला न्हाय! ह्या शेंगा तरी बसमधी खात जाईन."

सासूबाई हसल्या नाहीत.

१ मे, गुरुवार

बोलणी बसली. बसणारच. "आईभवानीच्या ओटीतलं बी हुतं त्यात! आन् चोरून? म्या काय न्हाय म्हटलं असतं व्हय?"

आधी ऐकून घेतलं. मग काय झालं कुणास ठाऊक, आईबद्दल सगळं सांगितलं. बोटाचं, डोळ्यांचं, शेवटी हात धरला की "कोण, दाक्षायणी का?" म्हणून विचारायची ते. एकवीस वर्षं या घरात आहे, पण एवढं कधी बोलले नव्हते. खूप रडले. सासूबाई शेंगदाणे निवडत राहिल्या.

३ मे, शनिवार

सासूबाई चटणीची ऑर्डर पोचवायला स्वतः गेल्या. या उन्हात! आल्या त्या पाव किलो बदाम घेऊन. कवच काढलेले, टपोरे, कागदात. ओट्यावर आपटले.

"घे. देवीला काय सांगायचं ते सांगते मी."

मी त्यांना मिठीच मारली. त्या ओरडल्या, "अगं हात तिखटाचं हायत माझं!" तिखट माझ्या डोळ्यांत गेलं. मला तेवढंच निमित्त झालं.

७ मे, बुधवार

त्रेचाळीस अंश! नळाला आज पाचव्या दिवशी पाणी आलं.

वजन केलं. माझं दोन किलो उतरलं! नाचले! तेवढ्यात हे सहज काट्यावर उभे राहिले, तर यांचं चार! काही न करता! जिलबी खाऊन, चार चार चहा पिऊन! पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. ऊन बाधतंय म्हणतात, दुकानात दिवसाला तीन बाटल्या पाणी लागतं. असो, पण हा अन्याय आहे! मी एवढं गवत खायचं आणि बारीक यांनी व्हायचं!

१३ मे, मंगळवार

एक्केचाळिसावा दिवस! शेवटची काकडी!

सासूबाईंनी उद्यासाठी पीठ मळायला काढून ठेवलंय. "पयली भाकरी तुझी," म्हणाल्या. पण चटणी नको, रात्री चार बदाम भिजव आणि ते खा वर. त्यांना आता बदामांचं वेडच लागलंय. आल्यागेल्याला सांगतात, माझी सून बदाम खाते.

१४ मे, बुधवार

रक्त देऊन आले. तिथं पाटी — नवराबायकोची तपासणी एकत्र केल्यास सवलत! मी यांना म्हटलं, तुम्हीपण द्या. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले. मी म्हटलं, धाड भरू दे नाहीतर न भरू दे, सवलत सोडायची नाही! सगळ्या बायका हसल्या. हे लाजले, बाही वर केली. सुई टोचली तर केवढे ओरडले! चादरी विकणारा मोठा वाघ!

येताना मीच स्कूटर चालवली. गाणं म्हणत. सिग्नलवरसुद्धा.

१५ मे, गुरुवार

माझी ५.८. गोळी नाही.

यांची ११.४. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, नावांची अदलाबदल तर नाही ना म्हणून. नाही. गोळ्या आजपासूनच. डोळे आणि पाय उद्या तपासायचे.

घरी येईपर्यंत यांचा एक विनोद नाही. चप्पल काढून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दाक्षायणी, माझेपण चार भिजव."