आईच्या पदरातली भिंगरी

मार्च, दुसरा शनिवार. चऱ्होली.

आज आईला सांगणारच होते की गावाकडं परत जाऊ नकोस, कायमची इथंच राहा. बाबा गेल्यापासून लातूरच्या घरात ती एकटीच, म्हणून दिवाळीनंतर मीच तिला इथं आणलं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात गॅलरीच्या काचेवर काहीतरी आदळलं. भिंगरी! थंडीभर ही पाखरं समोरच्या तारेवर बसायची, त्यांतलीच एक.

आईनं तिला उचलून पदरात घेतलं. निळी पाठ, विटकरी गळा, दुभंगलेली शेपटी. वजन म्हणाल तर नाहीच.

"हितं घरटं न्हाई का गं करत ह्या?"

"नाही. थंडीपुरत्याच येतात. आता हिमालयाकडं जातील, काही त्याच्याही पलीकडं. तिकडं चिखलाची घरटी बांधतात."

"एवढीशी जाते?"

जाते. उडता उडता किडे टिपते, पाणीसुद्धा उडतानाच पिते. हे मी आईला सांगत होते की स्वतःलाच? खाली चाकणहून कंपनीची बस आली, माणसं उतरली, पण सगळं फार लांबून ऐकू येत होतं. पदरात ते इवलं काळीज धडधडत होतं. वजन खरंच नाहीच.

मग पदर हलला. ती उडाली आणि इंद्रायणीच्या बाजूला, पिवळ्या उन्हात विरून गेली.

आई बराच वेळ तिकडंच बघत राहिली. म्हणाली, "मला बी पाडव्याच्या आत जाऊ दे, बाई. घर बंद हाय."

जुळवलेले शब्द कुठं गेले कोण जाणे. "मी स्वतः सोडायला येते," म्हणाले.

जेवताना आईनं आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. इथं आल्यापासून पहिल्यांदाच.