हिरव्या झेंड्याची गाडी

३ नोव्हेंबर, डोंबिवली
आज माझ्याच शाळेत पुन्हा आले! ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवलं, तिथे युद्ध सुरू झाल्यापासून लष्करी पोलिसांची कंपनी उतरली आहे. त्यांचा चहा-नाश्ता पाहायला गावातलं कोणी हवं होतं. मुकुल रागावला, म्हणाला, आई, या वयात कशाला? पण घरात एकटीनं सायरन ऐकण्यापेक्षा हे बरं. चॅपलमधला मेणबत्त्यांचा वास अजून तसाच आहे. सातवीच्या वर्गात बाकांच्या जागी खाटा, फळ्यावर रस्त्यांचा नकाशा. प्रयोगशाळेत रजा संपूनही परत न गेलेले, विठ्ठलवाडी स्टेशनात पकडलेले दोन जवान मान खाली घालून बसले आहेत. सुभेदार गुणाजी मला सरोजताई म्हणतात. बाकी सगळे ‘मिस’. कानाला किती गोड लागलं!

५ नोव्हेंबर
कंपनीतल्या कल्पिताशी गट्टी जमली. शीळफाट्याजवळच्या गावातली पोर. वडिलांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत, भाऊ हर्षित मोठी गाडी फिरवतो, आणि ही लष्करी पोलिसांची लाल टोपी घालते, रोज पहाटे उठून आपले पांढरे हातमोजे धुते. म्हणाली, मिस, रस्त्यात माझ्या हातापुढे ब्रिगेडियर थांबतो, घरी हर्षित टीव्हीचा रिमोटपण देत नाय. हसता हसता माझा चहा सांडला.
तिनंच काम समजावलं. लष्कराच्या गाड्यांचा ताफा निघाला, की माजिवड्यापासून प्रत्येक चौकात यांचा एकेक माणूस वाट दाखवत उभा राहतो. ताफ्याच्या शेवटी हिरव्या झेंड्याची गाडी असते. ती झेंडा दाखवून उचलून घेईपर्यंत जागा सोडायची नाही, काहीही होवो. मी तिला सांगितलं, लहानपणी सिस्टरनी मला वर्गाबाहेर उभं केलं आणि विसरल्या. शाळा सुटली तरी मी उभीच! ती म्हणाली, मग तुम्ही आमच्यातल्याच की.

९ नोव्हेंबर
माणसं कमी पडली म्हणून आज सुभेदारांनी शेवटच्या गाडीत मला बसवलं. झेंडा धरायचा, उचललेल्यांना पाणी द्यायचं. ही गाडी म्हणजे आमच्याच शाळेची व्हॅन, तिचा जुना ड्रायव्हर रतन चालवत होता. मी काय मिरवत बसले होते!
शीळफाट्याला पोचतो तोच सायरन झाला. आधी उचललेले दोघे मागे पेंगत होते. रतनच्या बाजूनं पुलाचा खांब आड येत होता. त्यानं विचारलं, बाई, इथे आपलं कोणी आहे का?
माझ्या बाजूनं दिसत होतं. कल्पिता भर उन्हात जागेवर उभी होती. मला पाहून तिनं हात वर केला, हसली.
थांबायची भीती वाटली. मी झेंडा मांडीवर ओढून घेतला. म्हणाले, कोणी नाही रे, चल.
कटई नाक्याशी आलो तेव्हा मागे जमीन हादरली.
सुभेदारांनी विचारलं, कल्पिता कुठे? मी सांगितलं, जागा रिकामी होती.

११ नोव्हेंबर
फाट्यावर मोठा खड्डा पडला आहे. कल्पिता सापडली नाही. माझ्या शब्दावरून तिला फरारी ठरवलं. तिच्याच सोबत्यांनी तिच्या घरी जाऊन कपाटं उघडून पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं.
दुपारी तिची आई तुळसाबाई फाटकाशी आल्या. पालकसभेला यावं तशा चांगलं लुगडं नेसून. पोर माजी पलनारी नाय बाय, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी त्यांना चहा दिला. त्यांनी माझ्या हाताला हात लावून ‘देव तुमचा भला करो’ म्हटलं.


१३ नोव्हेंबर
कल्याणहून बंदराकडे जाणारे ट्रक आज शाळेच्या गल्लीत येऊन अडकले. ड्रायव्हर सांगत होते, कटई नाक्यावर लाल टोपीतल्या मुलीनं हात करून इकडे वळवलं. सुभेदार भडकले, तिथे आमचं कोणीच नाही. एकानं विचारलं, साहेब, तुमचे हातमोजे पांढरे असतात ना? हिचे काळे होते.


१४ नोव्हेंबर
आज मानपाड्याला. सुभेदारांनी तिथे दोन माणसं बसवली होती. त्यांना कोणी दिसलं नाही. ट्रक मात्र वळले.
ती जवळ येते आहे.
झेंडा अजून माझ्या पिशवीत आहे. कोणी मागितलाच नाही. परत करायला रोज निघते आणि —

१५ नोव्हेंबर
मी पाहिलं. सकाळी, प्रार्थनेच्या वेळेला, फाटकापाशी. पाठमोरी. हात शाळेकडे. अख्खा ताफा मैदानात शिरला. सुभेदार ओरडत होते, एवढ्या गाड्या एका जागी, वरून कोणी पाहिलं तर सगळे संपलो!
सांगायचंच, असं ठरवून त्यांच्याकडे गेले. काय ताई, म्हणाले.
मी म्हणाले, साखर संपली आहे.

१६ नोव्हेंबर
शाळा ताबडतोब रिकामी करायचा हुकूम. सायरन. वरच्या मजल्यावर वही लिहीत बसले होते, सुभेदारांना सगळं सांगायला उठले —
दारात ती. तोंड माझ्याकडे. हात वर. काळा पंजा माझ्याकडे —
पाय उचलत नाही. झेंडा काढून दाखवला. बघतच नाही —
खाली गाड्या सुटताहेत. एकेक करून. शेवटी आपली व्हॅन. रतनचा आवाज. कोणीतरी विचारतंय, वर कोणी राहिलंय का —
रतन म्हणतोय, कोणी नाही, चला —
हाक मारते आहे. घशातून आवाज —
गेली व्हॅन.
ती हसते आहे. त्या दिवशीसारखीच.
ज्याला ही वही मिळेल त्यानं तुळसाबाईंना सांगा. कल्पिता पळाली नाही. ती जागेवरच होती. मी तिला पाहिलं होतं. झेंडा मी