भुरूची नखं

अहो,
आज सोमवारचं मौन, म्हणून लिहून ठेवते. सेक्टर सहाच्या देवळात जाऊन येते. भुरूला ब्रश करायचाय. मांडीवर घेऊन आधी पंजे नुसते कुरवाळा. ओढून धरू नका, अजून बोका झालेला नाही, पिल्लूच आहे ते. काल त्याने पहिल्यांदाच नखं कापू दिली!

आपल्या उल्काचा बंगलोरहून फोन येईल. ‘नखं कापू द्यायला लागला की नेईन त्याला,’ म्हणाली होती. तिला खरं तेच सांगा. पण ‘विमानाने पाठवा’ म्हणाली, तर बिल्कुल नाही म्हणा. नव्या हाताला तो बिथरतो. तिने इथे चार दिवस राहावं, माझ्याशेजारी बसून शिकावं. मी फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे जातच नाही, म्हणून तुम्हीच सांगा.

कुमुद