वाघ मागच्या डब्यातून आला

प्रिय अहो,

हसू नका. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी तुम्हाला दुसरं काय म्हणायचं, ते मला कुठे सुचलं? तुम्ही जाऊन वर्ष होत आलं आणि आज पहिल्यांदा पत्र लिहायला बसले, कारण आज घरात असं काही झालं की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला भाकरी गोड लागणार नाही.

मी होम थिएटर आणलं. हो, मीच!

परवा मिनूचा कॉलेजचा फॉर्म भरायला चंद्रपूरला गेलो होतो. येताना तेच दुकान लागलं, जिथे तुम्ही दर वेळी कान लावून उभे राहायचे आणि मी पिशव्या धरून बाहेर तोंड वाकडं करायची. झाडीपट्टीच्या नाटकातही तुम्ही स्टेजसमोरची जागा सोडून भोंग्याखाली बसायचे. "शकुन, मागून आवाज आला ना, तं मान आपोआप वळते," असं तुम्ही म्हणायचे. मी म्हणायची, "मान वळवाले कोंबड्या पुरतात मले." किती वेळा म्हटलं असेल! आधी मोटर, आधी छपराचे कवेलू, आधी मिनूची सायकल. एकदा तरी हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? याचं मला फार वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण नुसतं तुमच्या आठवणीपायी नाही आणलं. मामाजींसाठी आणलं. तुम्ही गेल्यापासून तुमच्या बाबांनी टीव्हीसमोर बसणंच सोडलं. तुम्ही दोघं बापलेक आवाज एवढा मोठा करून कुस्त्या पाहायचे की मी स्वयंपाकघरातून झारा आपटायची. आता त्यांची खाट मागच्या दाराशी, तोंड परसाकडे, सांदवाडीकडे. जेवण अर्धं, बोलणं त्याहून कमी. आणि तुमचं नाव? वर्षभरात एकदाही नाही. नाव निघालं की म्हातारा कोसळेल म्हणून आम्हीही काढलं नाही. मला वाटलं, आवाजानं तरी माणूस पुढच्या खोलीत येईल.

दुकानदार म्हणाला, "ताई, हा सगळ्यात स्वस्तातला सेट आहे. नवीन घेणाऱ्याले पुरते." स्पीकरचे पाच लहान डबे आणि एक जड, जमिनीवर ठेवायचा. तो जड डबा म्हणजे तुमचे विठोबाकाका. बोलतो कमी, पण बोलला की फडताळातली ताटं वाजतात! रिमोट एवढासा, त्यावरची अक्षरं मुंगीची. पण माणसांचं बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येतं, आधीसारखं काय म्हणाला, काय म्हणाला करावं लागत नाही.

मिनूनं सकाळपासून वायरी ओढल्या. मागच्या दोन डब्यांपैकी एकाची वायर कोपऱ्यापर्यंत पुरेना. म्हणून पोरीनं तो मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला, तोंड सांदवाडीकडे करून. झाली ना चूक! दुकानदारानं नमुन्याचे आवाज पेनड्राइव्हमध्ये भरून दिले होते. आधी पाखरं. मग पाऊस. अहो, मी मिरच्या वाळत घातल्या होत्या! धावत गेले, पदरात मिरच्या गोळा केल्या आणि वर पाहते तर कडक ऊन. मामाजी खाटेवरून माझ्याकडे पाहत होते.

आणि मग वाघ.

आपल्या गावात वाघाचा आवाज म्हणजे काय, हे तुम्हाला का सांगायला हवं? तो डरकाळला तो अगदी मामाजींच्या पाठीशी. शेळीनं खुंटी उपटली. शेजारचे देवाजीभाऊ थाळी बडवत बाहेर आले, त्यांच्यामागे अख्खी गल्ली काठ्या घेऊन. मिनूनं घाबरून रिमोट दाबला तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी आणखी वाढला! आणि मामाजी, जे पाणीसुद्धा खाटेवर मागतात, ते काठी उचलून दारात आडवे उभे राहिले आणि ओरडले. तुमचं नाव घेऊन ओरडले!

"पोरीले आत घे रे! मांगं वाघ आला! शकुनले बाहीर येऊ देऊ नोको!"

मिनूनं वायरच उपटली. सगळं शांत झालं. देवाजीभाऊ कोनाड्यात डोकावले आणि म्हणाले, "वैनी, वाघ डब्यात काऊन भरून ठेवला व?" लोक हसायला लागले. मी हसले नाही. मी मामाजींकडे पाहत होते. कोणाला हाक मारली, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. काठी हातातच होती. मला वाटलं, आता म्हातारा कोसळतो.

ते म्हणाले, "तो असता ना, तं त्यानं अजून आवाज वाढवला असता."

आणि हसले. हसता हसता रडले, मग पुन्हा हसले. मीही तेच केलं, देवाजीभाऊंच्या देखत, पदरातल्या मिरच्यांसकट. मग डोळे पुसायला पदर लावला आणि तिखटानं आणखी रडले!

मग मामाजी स्वतःहून पुढच्या खोलीत आले. "इथी खुर्ची टाक. कुठून येते तो वाघ, पाहू दे मले." चार वेळा लावायला लावला. चारही वेळा मान वळली. खरं होतं तुमचं, झालं समाधान?

संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या. हात धुता धुता म्हणाले, "मी हाक मारली तं बरं वाटलं व. तू काऊन घेत नाई त्याचं नाव? घरात कोणी घेतलं पाह्यजे ना." लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही असं पुटपुटून की तुमच्या आत्यानं पुन्हा घ्यायला लावलं होतं. त्यानंतर नाहीच. तुम्ही होते तोवर गरज पडली नाही. अहो म्हटलं की तुम्ही वळायचे.

तर आता कबूल करते. मागचा डबा तिथेच राहील, फक्त तोंड घराकडे फिरवीन. कुस्ती लागली की आवाज मामाजी म्हणतील तेवढा, झारा आपटणार नाही. आणि या घरात तुमचं नाव रोज ऐकू येईल, माझ्या तोंडून, मोठ्यानं. आजपासूनच सुरू करते.

दिवाकर.

तुमचीच,
शकुन