आरशावरचा अंगठा

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून दुर्बीण नं. ११ च्या मागे. संकेश्वरची पितळी, तीन इंची. स्क्रू गंजून असे बसलेत की रॉकेल सोडून दोन दिवस झाले तरी हलायला तयार नाहीत. शैलाचं म्हणणं, स्क्रूशी बोलता इतक्या गोडीनं माझ्याशी लग्नानंतर कधी बोलला नाहीत.

दुपारी इरण्णाचा फोन. माझा जुना विद्यार्थी, निपाणीत वायरिंगची कामं करतो. "सर, एका घरात पंखा बसवाय गेलतो. माळ्यावर तोफ हाय बगा. पत्र्याचं नळकांडं, तळाला जाड काच. तुम्ही असल्या दुर्बिणी दुरुस्त करता न्हवं?" रंग विचारला. करडा. "आणि खाली सायकलचा ॲक्सल लावलाय."

पुढं तो काय बोलला ते ऐकलंच नाही. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या पत्रातलं वाक्य: तुझ्या मोडक्या सायकलचा ॲक्सल सत्कारणी लावलाय. एक्केचाळीस वर्षं मी धरून चाललो होतो की अण्णानं केलेली दुर्बीण भंगारात गेली.

स्क्रू तसाच राहिला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन चुकवलं. निवृत्तीनंतरसुद्धा कधी चुकवलं नव्हतं. बेळगावहून साडेसातची बस, तवंदी घाटात पाऊस, निपाणी स्टँडवर इरण्णा छत्री घेऊन उभा.

घर पद्माक्कांचं. सत्तरीला आलेल्या. यजमान जिनाप्पा तंबाखूचे व्यापारी, ते जाऊन नऊ वर्षं झाली. अण्णा निपाणीत शिक्षक होता तेव्हा यांच्याच घरामागच्या परड्यातल्या खोलीत भाड्यानं राहायचा. मी त्या घरात आज पहिल्यांदा गेलो. अण्णा तापानं गेला तेव्हा सामान आणायला वडील गेले होते. एक ट्रंक घेऊन आले, बाकी काही नव्हतं म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून पुढं विचारायची माझी छाती झाली नाही.

पद्माक्का दारातच थांबल्या. "नाक तेच," म्हणाल्या. मग, "तुमच्या वडलांना म्हटलं हुतं, हे बी न्या. त्यांनी वर बघितलं बी न्हाय."

इरण्णानं ती खाली काढली. सहा इंची, माझ्या खांद्याइतकी उंच. रंग अण्णानंच मारलेला, ब्रशचे केस अजून चिकटलेले. मी खाली बसून आधी ॲक्सलला हात लावला.

"न्या तम्मा," पद्माक्का म्हणाल्या. धाकट्या भावाला कन्नडमध्ये म्हणतात तसं, पहिल्याच भेटीत. "खरं नीट करून हिकडंच आणायची. मला शनी बघायचा हाय. तुमच्या अण्णानी दावतो म्हणून सांगितलंतं."

कबूल केलं. मला तरी दुसरं काय हवं होतं? अण्णाच्या दुर्बिणीतून मीही नाही बघितला.

१७ ऑगस्ट, रविवार

नळीच्या तळाशी अण्णानं एक छोटं दार ठेवलंय, आरशावर झाकण घालायला-काढायला. बिजागरी ट्रंकेची. झाकण काढलं.

आरशाचा मुलामा गेलाय. कडेनं पिवळा, मध्ये ढगाळ. यातून चंद्रसुद्धा धड दिसणार नाही. काच मात्र शाबूत, एक चरा नाही.

आणि मध्याच्या जरा डावीकडे अंगठा. स्पष्ट. रेघा मोजता येतील असा. मुलाम्यातच उमटून खाल्ला गेलाय, पुसून जाणार नाही.

दुर्बीणवाल्यांचा पहिला नियम, आरशाला हात लावायचा नाही. अण्णा मला लहानपणी चष्म्याच्या काचेवरून ओरडायचा. तरी लावलाच असणार एकदा, पूर्ण झाल्यावर. कुणाला राहवेल?

मी आपला अंगठा वर धरून बघितला, न टेकवता.

२४ ऑगस्ट, रविवार

काम सरळ आहे. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात जुना मुलामा उतरवायचा, काच पुण्याला पाठवायची, नवा मुलामा देऊन आणायची. नळी झाली, स्टँड झाला, ॲक्सलला ग्रीस झालं. आरसा तेवढा कपाटात.

शैला : "किती दिवस बघत बसणार? धुवा की."

धुतला की तो गेला. अण्णाचं माझ्याकडे काय आहे? एक फोटो, त्यात तो डोळे मिटून. सात पत्रं. शेवटचं आंतरदेशीय : आरसा झाला. ये, दाखवतो. मी उत्तर लिहिलं, मित्रांबरोबर गोव्याला चाललोय, पुढच्या महिन्यात नक्की. पुढच्या महिन्यात अण्णाच नव्हता.

पुढं दहा दुर्बिणी दुरुस्त केल्या, अकरावी चालू आहे. लोक छंद म्हणतात, म्हणू देत.

३ सप्टेंबर, बुधवार

पद्माक्कांचा फोन. "झालं काय तम्मा?"

पुण्याला गर्दी आहे, नंबर लागायचाय, म्हणालो. आरसा समोर टेबलावर होता. तेहतीस वर्षं मुलांच्या खोट्या सबबी ऐकल्या, त्यातली एकही इतकी सफाईदार नव्हती.

९ सप्टेंबर, मंगळवार

निपाणी. स्टँडचे पाय त्यांच्या माडीवर बसतात का ते मापायला गेलो. खरं म्हणजे तो खोटेपणा बोचत होता.

पाचला पान वाढलं, जैनांचं घर. "सूर्य बुडायच्या आत खाऊन घ्या. मी मग पाणीबी घेत न्हाय." भाकरी, शेंगाची चटणी, दोडक्याची भाजी. वाढताना भाजी वाटीच्या बाहेर पडली. तेव्हा सांगितलं. डाव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. उजव्याला बेळगावात इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाला, टिकेल तेवढं टिकेल.

मग आपणहून बोलत राहिल्या. अण्णा परड्यात डांबराच्या रिकाम्या पिंपावर काच घासायचा, पिंपाभोवती फिरत फिरत. काचेवर पाणी घालायला पद्माक्का. पाच महिने. "आमचे मालक हसायचे. मास्तर घाण्याला जुंपलाय म्हणायचे."

शनी दिसला त्या संध्याकाळी जिनाप्पा गावाला गेले होते. अण्णानं माडीवरून हाक मारली, आक्का, या, लौकर या. "म्या एकटी कशी जाऊ वर? शेजारीपाजारी बघतात. न्हाय गेले. दुसऱ्या दिवशी हिरीवर विचारलं, कसा दिसतो हो? तर म्हणाले, ताटात लाडू ठेवल्यागत. मालक आले की दावतो म्हणाले. मालक आले तर आभाळ आलं. आभाळ गेलं न्हाय तवर ताप आला."

मी गोव्याला गेलो, आक्का माडीवर गेल्या नाहीत. दहा पायऱ्या आहेत. मोजल्या.

आरसा कपाटात आहे हे तरीही बोललो नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज बोललो. फोनवर जमेना म्हणून निपाणीलाच गेलो. आक्का, पुण्याला पाठवलेलाच नाही. त्याच्यावर अण्णाचा अंगठा आहे, माझ्यानं धुववत नाही.

त्या गव्हातले खडे निवडत होत्या, बोटांनी चाचपून. हात थांबला.

"कुठं हाय? मधी?"

मधी, जरा डावीकडे.

"तो माझा हाय."

मला कळलंच नाही.

"तुमचे वडील टरंक घेऊन गेले. सांच्याला म्या खोलीत गेले, झाडायला. झाकण काढलं तर आत माझंच तोंड, एवढं मोठं. तुमच्या अण्णानी कुणाला बोट लावू दिलं न्हवतं, मला बी न्हाय. पाच महिने पाणी घातलं खरं बोट न्हाय लावलं. म्हटलं, आता कोण वरडतंय? म्हणून लावलं." पुन्हा गहू चाचपत, "त्यांनी येऊन वरडावं असंच वाटालतं."

बसमध्ये आधी रागच आला. महिनाभर दुसऱ्याच कुणाच्या अंगठ्यासमोर बसलो होतो. संकेश्वर येईपर्यंत राग गेला आणि जे राहिलं त्याला काय म्हणायचं ठाऊक नाही. वडील अण्णाचं नाव घेत नसत, आई घेऊ शकत नसे. मला वाटायचं या जगात त्याच्यासाठी झुरणारा मी एकटाच आहे. निपाणीत आणखी एक माणूस होतं आणि ते मला सांगायला कुणी नव्हतं.

निघताना म्हणाल्या, "धुवा. माझा हाय, मी सांगाल्ये धुवा म्हणून. डोळा हाय तवर धुवा."

आता जास्तच जड जाणार आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

लेथ, पाने, कानशी, पकड, सगळं पुसून पाटावर मांडलं. आरसाही ठेवला. शैला हळदकुंकवाची बोटं घेऊन सरळ त्याच्याकडे निघाली, मी इतका ओरडलो की शेजारचे वकील डोकावले. मग तिनं ते आरशाच्या डब्याच्या झाकणाला लावलं. "देवाला चालतंय, तुमच्या आरशाला चालत नाही," म्हणाली. झेंडूचं फूल मात्र आरशावर ठेवू दिलं. एक मिनिट.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी अकराला धुतला. रबरी हातमोजे, प्लॅस्टिकचा टब, सोडा. आधी कडा सुटली, मग मधलं. अंगठा शेवटपर्यंत टिकला असं लिहावंसं वाटतं, पण तसं काही नाही, बाकीच्या मुलाम्याबरोबरच गेला. पाच मिनिटं लागली असतील.

राहिली नुसती काच. पाठीमागे अण्णानं कोरलेलं आता पुढूनच वाचता येतं, उलटं : निपाणी, सहा इंच.

रडलो. शैला आत आली, टब उचलून घेऊन गेली. संध्याकाळी सोनं वाटायला गेलो नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

शैलाचा भाचा दिवाळी करून पुण्याहून येताना आरसा मांडीवर घेऊन आला. मुलामा फक्कड. त्यात माझं तोंड बघितलं. एवढं मोठं, त्या म्हणाल्या तसं.

संध्याकाळी टिळकवाडीत घराच्या गच्चीवर दुर्बिणीची जुळवणी. लांबच्या टॉवरच्या लाल दिव्यावर रोखून बघितली, टाचणीच्या टोकाएवढा बारीक ठिपका. अण्णाचा हात काय होता! शनी पूर्वेला वर आला होता. तिकडे नळी फिरवली नाही. आधी आक्का.

एक अडचण आहे. यंदा शनीचं कडं आपल्या बाजूला कडेनं वळलंय. ताट नाही, नुसती रेघ. मागच्या महिन्यात नं. ९ मधून बघितलंय. पुन्हा ताट दिसायला दोन वर्षं तरी जायला हवीत.

शैला : "सांगून टाका आधीच."

बघू.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज जायचं ठरलं होतं. राज्योत्सवाची मिरवणूक, रस्ते बंद, बस कुठून सुटेल त्याचा पत्ता नाही. दिवसभर घरात. नं. ११ चा स्क्रू एकदाचा निघाला.

९ नोव्हेंबर, रविवार

पद्माक्कांचा फोन. "तम्मा, दाराची चौकट वाकडी दिसालीय." उजव्या डोळ्यानं. मंगळवारी बेळगावला तपासायला येणार. त्यांनी शनीचं काही विचारलं नाही म्हणून मलाच जास्त लागलं. कपाटात घालवलेले ते दिवस परत मिळणार नाहीत. बावीसच्या शनिवारी टेम्पो मिळेल, तेव्हा न्यायचीच, पाऊस पडो की काही होवो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

इरण्णाच्या भावाच्या टेम्पोतून नेली. आभाळ स्वच्छ.

साडेपाचला जेवलो. आक्कांनी शेवटचं पाणी घेतलं, तांब्या पालथा घातला, नवं लुगडं नेसून आल्या. पायऱ्या चढताना माझा हात धरला. "आता कोण काय म्हणतंय," म्हणाल्या आणि हसल्या.

सातच्या सुमारास शनी मधोमध आणला. डोळा लावायचा आयपीस त्यांच्या उंचीला केला. उजवा डोळा लावला. कड्याचं मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं.

बराच वेळ गेला. शनी सरकतो, मी नळी केसभर ढकलत राहिलो.

"दिसला काय, आक्का?"

"थांबा की."

आणखी थांबलो. मग एकदम लहान मुलीसारखा आवाज. "लाडू! ताटात लाडू ठेवल्यागतच हाय. ताट बी दिसालंय." डोळा न काढता म्हणाल्या, "तुमच्या अण्णानी खोटं सांगितलं न्हवतं बगा."

मग मी बघितला. अण्णाच्या आरशातून, पहिल्यांदा. पिवळसर गोटी आणि तिच्यातून आरपार एक रेघ, सुईसारखी. ताट नाही. इतका रेखीव शनी माझ्या अकरापैकी एकीनंही दाखवलेला नाही. आलो रे अण्णा, उशीर झाला.

"तसंच हाय न्हवं, तम्मा?"

"तसंच आहे आक्का. ताट मोठं आहे."

त्यांना काय दिसलं? काही दिसलं का? की मला वाईट वाटू नये म्हणून? विचारलं नाही, विचारणारही नाही.

दुर्बीण तिथंच ठेवली. निघताना तळाचं दार उघडून आरशावर झाकण घालायला वाकलो तर म्हणाल्या, "राहू दे. मी घालते मागनं."

आरशाला हात लावू नका, हे आजवर प्रत्येकाला बजावून सांगत आलोय. आज सांगितलं नाही.